डाव्या मागच्या चाकाचा ड्रम उघडून पाहण्याबाबत

प्रति,
मा. तपास अधिकारी,
रस्ते अपघात शाखा,
तेमिर-बुलाक जिल्हा.

अर्जदार: कुंदुझ एसेनबेक कीझी, वय सोळा, इयत्ता दहावी, राहणार आक-झार.

विषय: आमच्या पिकअपचा डाव्या बाजूचा मागचा ड्रम, पिकअप दरीत टाकण्याआधी, उघडून पाहण्याबाबत, तसेच माझ्या वडिलांच्या खोट्या जबाबाबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचा वाहन तपासणी अहवाल. २) माझे वडील एसेनबेक यांचा आपण नोंदवलेला जबाब.

महोदय,

आपल्या कार्यालयाच्या मागच्या आवारात, कोळशाच्या ढिगाशेजारी जो राखाडी पिकअप उभा आहे तो आमचा. त्याचा हँडब्रेक अजून ओढलेला आहे. तो मी ओढला आहे. एवढं सांगण्यासाठी आणि त्यापुढची एक विनंती करण्यासाठी हा अर्ज सादर करत आहे.

अर्ज कसा लिहावा हे मला आमच्या भाषेच्या शिक्षिका झुमागुल एजे यांनी समजावलं. त्या म्हणाल्या, "कुंदुझ, अर्जात गप्पा नसतात. काय झालं आणि काय पाहिजे, एवढंच लिही. आणि उद्गारचिन्ह एकही नको, तुझ्या वह्या मी तपासते, मला माहीत आहे." उद्गारचिन्हांचं मी पाळणार आहे. गप्पांचं मात्र जमणार नाही, कारण या प्रकरणात कोण काय बोललं त्यावरच सगळं अडलेलं आहे. तरी क्षमस्व.

१. आपण म्हणाल, शाळकरी पोर ब्रेकचं काय सांगणार. म्हणून आधीच नमूद करते की शाळेच्या मोटार-ट्रॅक्टर वर्गात मी एकटी मुलगी असून गेल्या परीक्षेत पहिली आले आहे. पहिल्या दिवशी मुलं म्हणाली होती, "शिवणवर्ग पलीकडच्या खोलीत, ताईसाहेब." आता त्यांचे अडकलेले नट मी सोडवून देते. हे बढाई म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं बढाई म्हणूनच लिहिते, पण खरं आहे. आमचा पिकअप माझ्याहून वयानं मोठा. घरात त्याला म्हातारी घोडी म्हणतात. मी लहान असताना वडील खाली पाठीवर पडायचे आणि मी बॅटरी धरायची. अलीकडे पाना माझ्या हातात असतो आणि बॅटरी वडील धरतात, तीही वाकडी.

२. माझ्या वडिलांनी आपल्याला सांगितलं की ते मुकाश आकेंच्या घरी मातीला पोचले तेव्हा मी आईबरोबर आधीच खाली उतरले होते. की ते स्वतः हँडब्रेक ओढायला विसरले. आणि अपघात झाल्यावर धावत परत येऊन त्यांनी तो ओढला. यातलं एकही वाक्य खरं नाही. मी आत होते. हँडब्रेक पिकअप हलण्याआधी ओढलेला होता. वडील नंतर गाडीत चढलेलेच नाहीत, ते अपघातात सापडलेल्या तालायचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, हे अख्ख्या अंगणानं पाहिलं आहे. कोणालाही विचारावं.

३. आता ब्रेकची अवस्था, जी अहवालात एका ओळीत आली आहे. हिवाळ्यात आपल्याकडे कोणी हँडब्रेक ओढत नाही. आपणही ओढत नसाल. ओढला की रात्रीत केबल गोठते आणि सकाळी चाक सुटत नाही. सगळे चाकाखाली दगड लावतात. या जानेवारीत एका उतारावर दगड सापडेना, सगळे बर्फाखाली, म्हणून वडिलांनी ओढला, आणि सकाळी उजव्या चाकाची केबल तिच्या आवरणातच गोठून बसली. ती काही केल्या सुटेना. शेवटी वडिलांनी ती चाकाकडून काढली आणि खाली तारेनं बांधून ठेवली. तेव्हापासून आमचा हँडब्रेक एकट्या डाव्या मागच्या चाकाला लागत होता.

आणि नेमक्या त्याच चाकातला सिलिंडर बर्फ वितळायच्या सुमारास पाझरायला लागला. टायरच्या आतल्या बाजूला ओला काळा डाग दिसला. मी बोटाला लावून वास घेतला आणि वडिलांना म्हटलं, "अताके, हे ग्रीस नाही. ब्रेक ऑइल आहे. आतले रबर गेलेत."

"गेलेत तर येतील परत. लग्नाला गेले असतील."

"ड्रम काढून लायनर पुसून तरी घेऊ या ना."

"चिखल वाळू दे गं. तुझी पाठ सोळा वर्षांची आहे, माझी तशी राहिली नाही."

त्यामुळे रोज निघताना ब्रेकच्या टाकीत बाजारातलं पिवळं ऑइल घालायचं, पेडल चारदा दाबून वर आणायचं आणि जायचं, असं चाललं होतं. माझे वडील निर्दोष आहेत असं मी या अर्जात कुठेही म्हणत नाही, हे कृपया लक्षात घ्यावं. पाझरणारा ब्रेक घेऊन ते खिंडीत गेले. ही त्यांची चूक आहे आणि तिची शिक्षा त्यांना व्हावी. पण न केलेल्या चुकीची होऊ नये.

४. मुकाश आके हे वडिलांचे लहानपणापासूनचे मित्र. सामूहिक शेती होती तेव्हा तिथल्या गराजचे मिस्त्री. ती मोडली तेव्हा लोकांनी गराजची दारंसुद्धा काढून नेली. मुकाश आकेंनी फक्त ब्रेक ऑइलचा एक डबा उचलला. जुनं लाल ऑइल, त्यात एरंडेल असतं, आता कुठे मिळत नाही. तो डबा इतकी वर्षं त्यांच्या खाटेखाली होता. गेल्या शरद ऋतूत ते आजारी पडले आणि आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तो लोकरीच्या मोज्यात घालून वडिलांना दिला. मी तिथंच होते. ते म्हणाले, "घे एसेन, तुझ्या म्हातारीला पाज. पण बाजारातल्या पिवळ्या ऑइलमध्ये घालशील तर याद राख. आधी सगळं काढ, नळ्या धू, मग हे घाल. दोन्ही एक झाली की फुटक्या दुधासारखं होतं."

"आणि एवढं सगळं करायला तू येशील?"

"येईन की. फक्त उचलून आण."

ते काही आले नाहीत. डबा मोज्यासकट आमच्या सीटच्या मागे राहिला. वडील तो कोणाला हात लावू देत नसत.

५. मुकाश आके गेल्याचा निरोप आला तो संध्याकाळी. माती तिसऱ्या दिवशी दुपारी होती. पण मधला दिवस खिंडीत बर्फ घसरल्यामुळे रस्ता बंद राहिला, म्हणून आम्ही मातीच्याच दिवशी सकाळी निघालो. वडील चालवत होते, मी मधे, आई दाराकडे, आणि मागे, मयताच्या घरी द्यायला घेतलेली मेंढी. तेमिर-बेल खिंड चढलो तोवर ठीक होतं. उतरताना वळणावर पेडल खाली गेलं ते तिथंच राहिलं. वडिलांनी पहिला गिअर टाकला आणि पिकअपचं नाक रस्त्याकडेच्या बर्फात खुपसून थांबवला. मग जसं काही इथंच थांबायचं ठरलं होतं अशा आवाजात आईला म्हणाले, "उतर, जरा पाय मोकळे कर."

टाकी कोरडी. पिवळ्या ऑइलची बाटली घरी फडताळात. घाईत मी ती घेतली नाही, त्यांनीही घेतली नाही. त्या रस्त्यानं दुसरं कोणी येत नव्हतं. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. वडिलांनी सीटच्या मागून मोजा काढला.

मी म्हटलं, "अताके, त्यांनी काय सांगितलं होतं? पिवळ्यात घालायचं नाही."

"पिवळं राहिलंय कुठं? सगळं त्या चाकानं प्यायलं."

"नळ्यांमध्ये आहे ना अजून."

"कुंदुझ, त्याला खाली उतरवायच्या आत मला पोचायचंय."

मी पेडलकडे सरकले. आपण काय केलं असतं, महोदय? वडिलांनी लाल ऑइल ओतलं. मी पेडल दाबत राहिले, दहा-पंधरा वेळा, आणि ते हळूहळू वर आलं, कडक झालं. वडील रडत होते आणि हसतही होते. म्हणाले, "बघ. मेला तरी माझी गाडी ढकलतोयच." मीसुद्धा खूश झाले. लिहायला लाज वाटते, पण पेडल पायाखाली कडक लागलं की मला नेहमी आनंद होतो आणि तेव्हाही झाला.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी, कारण सगळं तिच्यावर आहे. सिलिंडर फुटकाच होता. आम्ही जेवढ्या वेळा पेडल दाबलं तेवढ्या वेळा लाल ऑइल त्या डाव्या चाकात, लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर, सांडत गेलं. पुढची चाकं धरत होती म्हणून आम्हाला वाटलं ब्रेक आला. पण हँडब्रेक पुढच्या चाकांना लागत नाही. तो त्याच डाव्या लायनरला लागतो, आणि तो लायनर एरंडेलानं न्हाऊन निघत होता. पायानं जितकं आम्ही थांबलो तितकं हातानं थांबायचं संपत गेलं. हे मला तिथं, खिंडीत, कळायला हवं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी लिहिलं असतं.

६. मुकाश आकेंचं अंगण फाटकापासून नदीकडे उतरत जातं, हे आपण जागेचा पंचनामा करताना पाहिलं आहे. खालच्या टोकाला मयताचा तंबू उभा केला होता. तो दिसला की पुरुषमाणसानं काय करायचं हे आपल्याला मी सांगायला नको. पूर्वी घोड्यावरून उडी टाकायचे, लगाम सोडून द्यायचे आणि आक्रोश करत धावत जायचे. लगाम त्या घरातला तरुण धरायचा. मागं वळून घोडा बांधत बसला त्याला लोक वर्षानुवर्षं बोलायचे. घोड्यांच्या गाड्या झाल्या, उतरायची रीत तीच राहिली. म्हणून आमच्या घरात ठरलेलं आहे: वडील उडी टाकणार, हँडब्रेक मी ओढणार, किल्ली मी फिरवणार. आधीही असंच केलेलं आहे आणि कधी काही झालेलं नाही.

फाटकातून आत येऊन वडिलांनी पेडल दाबून पिकअप उभा केला. मी दोन्ही हातांनी दांडा ओढला, शेवटच्या दात्यापर्यंत, आणि "हं" म्हटलं. आमची ती खूण आहे. मग त्यांनी पाय काढला. "अरे माझ्या मुकाश रे," म्हणत ते धावले, कमरेत वाकून, जसं धावतात तसं. दुसऱ्या दारानं आई उतरली आणि सूर लावत तंबूकडे निघाली. पिकअप थांबलेला होता. मी किल्लीकडे हात नेला.

मुकाश आकेंचा धाकटा भाऊ तालाय पाहुण्यांचे घोडे आणि गाड्या ताब्यात घेत होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. पण मी लहान असल्यापासून तो माझी चेष्टा करत आला आहे आणि त्या दिवशीही त्याला राहवलं नाही. हात पुढं करून म्हणाला, "द्या मालकीणबाई, लगाम इकडं."

तेव्हा पिकअप हलला.

तो म्हणाला, "अगं, थांबव की." मी वडिलांच्या जागेवर सरकले, पेडल दाबलं, ते पत्र्याला टेकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा टेकलं; लाल ऑइलही तोवर त्या चाकानं पिऊन संपवलं होतं. दांडा तर वर होताच, त्याला अजून वर जायला जागाच नव्हती. तालायला वाटलं मला जमत नाही आहे. तो पुढं आला, बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि शिंगराला थोपवताना काढतात तसा आवाज काढायला लागला. "थांब, माझी बाय, थांब, कुठं निघालीस." पिकअपला म्हणत होता. चिखलात त्याचे बूट मागं मागं घसरत होते. त्यानं एकदा वळून पाहिलं. मागं तंबू होता आणि तंबूत बायका, रीतीप्रमाणे सगळ्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, शोकगीतं गात. त्यांना काही दिसणार नव्हतं.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता तो चेष्टा करत नव्हता. म्हणाला, "वळव." मी स्टिअरिंग वळवलं. तो बाजूला झाला असता तर वाचला असता, पण तो बाजूला झाला नाही, नाक तंबूपासून वळावं म्हणून ढकलत बरोबर चालत राहिला. घोडे बांधायच्या लोखंडी खांबापर्यंत. तिथं पिकअप थांबला, तालाय मधे.

मी किंचाळले. कोणी आलं नाही. महोदय, सगळं अंगणच किंचाळत होतं, माझं वेगळं कोणाला ऐकू येणार. वडिलांनी मान वर केली तेव्हा ते मुकाश आकेंसाठीच रडत होते. तालाय दवाखान्यात नेताना वाटेतच गेला.

७. अहवालातल्या दोन वाक्यांना माझा आक्षेप आहे.

पहिलं असं: "हँडब्रेकचा दांडा व केबल तपासली असता सुस्थितीत आढळली, सबब हँडब्रेक चालू स्थितीत होता." दांडा वर जातो, केबल तुटलेली नाही, हे खरं. पण चाक दांड्यानं थांबत नाही, लायनरनं थांबतं, आणि ड्रम कोणी उघडला नाही. पिकअप आपल्या आवारात ट्रॅक्टरनं दोर बांधून आणला. ट्रॅक्टर आमच्या गावच्या इशेन आकेंचा. पूर्ण वाटेत दांडा वर होता. हँडब्रेक चालू असता तर डावं चाक घसटत आलं असतं आणि रस्त्यावर रेघ उठली असती. इशेन आके म्हणाले, "पोरी, ते चाक लोण्यातून आल्यासारखं आलं. मला वाटलं पोलिसांनी ब्रेक सोडलाय." त्यांचं म्हणणं लेखी जोडलं आहे. ते आढेवेढे घेत होते, मी त्यांच्या फाटकात बसून राहिले तेव्हा लिहून दिलं.

दुसरं वाक्य: "मयत तालाय हा निष्काळजीपणे चालत्या वाहनासमोर आला." हे वाक्य काढून टाकावं. त्याच्याइतकी काळजी त्या अंगणात त्या वेळी कोणीच घेतली नव्हती. हे पाहणारी मी एकटी आहे, कारण पुरुष वाकलेले होते आणि बायका भिंतीकडे तोंड करून होत्या. मी गाडीत नव्हते असं आपण लिहिलंत, तर त्यानं काय केलं हे कोणीच पाहिलं नाही असा त्याचा अर्थ होतो.

८. मी वडिलांना कोठडीत भेटले. त्यांना दोन भाकरी आणि वाळवलेलं दही द्यायची परवानगी आपल्याच शिपायानं दिली, त्याबद्दल आभार. मी म्हटलं, "अताके, हँडब्रेक मी ओढला होता."

"तू आईबरोबर उतरली होतीस."

"मी 'हं' म्हटलं. तुम्ही ऐकलंत."

"मी काही ऐकलं नाही. तू गाडीत नव्हतीस, स्टिअरिंगला तुझा हात लागला नाही. शाळेत जा."

"मग ड्रम तरी उघडायला सांगा. लाल ऑइल दिसेल, सगळं कळेल."

तेव्हा ते पहिल्यांदा रागावले. जाळीला तोंड लावून हळू बोलले, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "दिसेल ना. कोणाचं दिसेल? काकिश आपाला काय सांगू? तुझ्या थोरल्यानं दिलेल्या डब्यानं तुझा धाकटा गेला? दोन्ही पोरं गेली तिची. थोरल्याचं नाव तरी राहू दे तिच्याजवळ." मग म्हणाले, "मी विसरलो. माणूस विसरतो. घोड्यासारखी सोडली मी गाडी. हे सगळ्यांना समजतं, त्यात कोणाला काही विचारावं लागत नाही."

खरोखरच कोणी काही विचारलं नाही. आपणही नाही.

९. गावच्या पंचांनी दोन्ही घरांत समेट केला आहे. पंच अबिल आके म्हणाले, "एसेनबेकनं कबूल केलंय, त्या घरानं शाप दिलेला नाही. कायदा त्याला काय करायचं ते करेल. ती गाडी मात्र गावात परत यायला नको. शुक्रवारी खिंडीत नेऊन दरीत ढकलू." आपण गाडी सोडण्याच्या कागदावर सही केली आहे असं कळतं. मी मधे बोलायला गेले तर ते म्हणाले, "कुंदुझ, शहाणी आहेस, शहाणीच राहा. उद्या तुझं नाव केसमध्ये आलं तर तुला कोण करून घेईल?" मी म्हटलं, मला गराज कामावर घेईल. त्यांना ते आवडलं नाही.

शुक्रवारनंतर ड्रम उघडता येणार नाही. मग माझे वडील आयुष्यभर तो माणूस राहतील जो विसरला. आणि मी ती मुलगी, जी गाडीत नव्हती. मला हे नको आहे.

१०. पण वडील म्हणाले त्यात एक गोष्ट खरी होती, आणि ती मला ओलांडता येईना. म्हणून हा अर्ज लिहिण्याआधी मी मुकाश आके आणि तालाय यांच्या आईकडे, काकिश आपांकडे, गेले. वडिलांना हे माहीत नाही, आईलाही नाही. खिंड मी इशेन आकेंच्या ट्रॅक्टरवर ओलांडली. बरोबर डबा घेतला, मोज्यासकट, कारण मला तो वेगळा न्यायचं सुचलं नाही.

आपा अजून तंबूतच बसलेल्या होत्या. खांबाला कोणीतरी पांढरं कापड बांधलं होतं. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसंच, "वळव" सकट. मग त्यांनी विचारलं. "मुकाशनं सांगितलं होतं? दोन्ही एक करू नको म्हणून?"

"सांगितलं होतं, आपा. आम्ही खिंडीत होतो. दुसरं काही नव्हतं. दुपार व्हायला आली होती."

"मातीला पोचायचं होतं."

"हो."

बाहेर कोणाची तरी मेंढी ओरडत होती, कदाचित आमचीच. मग त्यांनी डबा मागितला. मांडीवर घेतला, मोजा सावकाश उतरवला, जसं झोपलेल्या पोराच्या पायातून उतरवतात. तो त्यांनीच विणलेला होता, मला माहीत नव्हतं. मोजा त्यांनी घडी करून उशीखाली ठेवला आणि डबा मला परत दिला.

म्हणाल्या, "उघड तो ड्रम. तुझ्या बापाला माझ्यासाठी खोटं बोलायला मी सांगितलं नव्हतं."

मला वाटलं आता त्या मला जवळ घेतील. तसं काही झालं नाही. मी उठले तेव्हा म्हणाल्या, "पण आत काय निघालं ते सांगायला मला येऊ नकोस. तूही नको, पोलीसही नको. इथं कोणी येऊ नका आता."

११. तरी विनंती की, शुक्रवारपूर्वी पिकअप डाव्या बाजूनं जॅकवर घ्यावा. दांडा आहे तसाच वर ठेवून चाक हातानं फिरवून पाहावं. ते फिरेल, आणि फिरलं की मी खरं बोलते एवढं तरी मान्य करावं. नंतर ड्रम काढावा. लायनरवर लाल, चिकट काही आढळलं तर ते जसं दिसेल तसं लिहावं. माझा जबाब घ्यावा. त्यात मी गाडीत होते, हँडब्रेक मी ओढला आणि स्टिअरिंग मी वळवलं, हे माझ्या नावानिशी यावं. वयामुळे वगळू नये. वडिलांवर जो आरोप राहील तो पाझरणारा ब्रेक घेऊन निघाल्याचा राहावा. आणि नियमानुसार अहवालाची जी प्रत मयताच्या घरी द्यायची असते, ती काकिश आपांच्या घरी पाठवू नये. नियमात बसत नसेल तर ती माझ्याकडे द्यावी, मी सांभाळून ठेवीन आणि कधी कोणी मागितली तर देईन.

शेवटी एक तांत्रिक बाब. हँडब्रेक ओढलेला असताना ड्रम निघत नाही; आधी दांडा खाली सोडावा लागतो. त्या दिवसापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. बटण दाबून, थोडा वर उचलून, मग सावकाश सोडायचा, नाहीतर झटका बसतो. आपल्या माणसाला हे जमेलच. पण परवानगी असेल तर ते मला करू द्यावं. ओढला मी होता.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

कुंदुझ एसेनबेक कीझी
(सही)
आक-झार, बुधवार, १७ एप्रिल

सोबत:
१. मोटार-ट्रॅक्टर वर्गाचं प्रमाणपत्र.
२. ट्रॅक्टरचालक इशेन आके यांचं लेखी म्हणणं.
३. लाल ऑइलचा डबा, रिकामा, मोज्याशिवाय.